वेट लॉसचं इंजेक्शन सुरू आहे, मग नुसतं दही खाऊन पोट सांभाळता येतं का? उत्तर या नोबेलवाल्या शास्त्रज्ञाच्या गोष्टीत आहे

मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी आलं आणि वजन कमी करायच्या इंजेक्शनची चर्चा जिमपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे सुरू झाली. वजन उतरतं हे खरं, पण सोबत बऱ्याच जणांचं पोट रुसतं. मळमळ, करपट ढेकर, जुलाब आणि सगळ्यात चिवट म्हणजे बद्धकोष्ठता.

मग रील बघताना खाली जाहिरात येतेच. प्रोबायोटिकची गोळी घ्या, चांगले बॅक्टेरिया वाढवा, पोट एकदम ओके.

पण पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियाची ही आयडिया आजची नाही. ती साधारण १२० वर्षांपूर्वी जगभर गाजवली एली मेचनिकॉफ या माणसाने. हा गडी अर्धा बरोबर होता आणि अर्धा चुकला. त्याचं जे चुकलं, तेच आज इंजेक्शन घेणाऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

एलीचा जन्म १८४५ चा. गाव आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचं, तेव्हा तिथं रशियन साम्राज्य होतं. पोरगं लहानपणापासून किडे, पानं, बेडूक यांच्यात रमणारं. खारकीव्ह विद्यापीठातली चार वर्षांची पदवी त्याने दोन वर्षांत उरकली. पुढे जर्मनी, इटली असं फिरून तो ओडेसाच्या विद्यापीठात शिकवायला लागला.

डोकं तल्लख होतं, पण नशीब मात्र साथ देत नव्हतं. १८६९ मध्ये त्याचं ल्युडमिलाशी लग्न झालं. तिला क्षयरोग होता आणि अशक्तपणा इतका, की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. तिला वाचवायला त्याने खूप धडपड केली, पण १८७३ मध्ये ती गेली. पुढे १८७५ मध्ये त्याने ओल्गाशी लग्न केलं, तर काही वर्षांत तिला टायफॉईडने गाठलं. ती वाचली. पण या काळात मेचनिकॉफने दोन वेळा स्वतःचं आयुष्य संपवायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा तो वाचला.

रोगापुढे माणूस इतका हतबल का असतो, हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता. तो त्याच्या घरातला होता.

विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून त्याने १८८२ मध्ये नोकरी सोडली आणि इटलीतल्या सिसिली बेटावरचं मेसिना गाठलं. तिथं एक दिवस घरचे सगळे सर्कस बघायला गेले. हा एकटाच मायक्रोस्कोपपाशी बसून ताराफिशची पारदर्शक पिल्लं बघत होता. शरीरातल्या फिरत्या पेशी बाहेरून घुसलेल्या गोष्टीवर तुटून पडत असतील का, असा विचार त्याच्या डोक्यात आला. त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला.

आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे आज शाळेत शिकवतात. त्याची सुरुवात अशी झाली. याच कामासाठी १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिच यांना मिळून देण्यात आलं.

इथं आपल्या मुंबईचं एक कनेक्शन पण आहे. ओडेसात मेचनिकॉफचा एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातलं, तेव्हा इथं येऊन प्लेगची लस बनवणारा आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेणारा हाच तो. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची.

तर १८८८ मध्ये मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि तिथलाच झाला. वय वाढत गेलं तसं त्याला म्हाताऱ्या होणाऱ्या शरीराचं कोडं पडलं. त्याचं बोट गेलं मोठ्या आतड्याकडे. त्याचं म्हणणं असं, की तिथं अन्नाचा उरलेला भाग सडतो, सडवणारे जंतू विष तयार करतात, ते रक्तात जातं आणि माणूस लवकर म्हातारा होतो. मोठं आतडं हा त्याच्या लेखी शरीराचा बिनकामाचा भाग होता.

उपाय काय? तर आंबवलेलं दूध. बल्गेरियात म्हातारी माणसं भरपूर आणि तिथली माणसं दही भरपूर खातात, याकडे त्याने लक्ष वेधलं. दह्यातले जंतू लॅक्टिक ॲसिड बनवतात आणि त्यात सडवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही, असा त्याचा हिशोब. १९०४ मध्ये त्याने पॅरिसमध्ये यावर भाषण दिलं आणि युरोपात दह्याची लाट आली. लोक डॉक्टरकडे दही मागू लागले, जंतूंच्या गोळ्या बाजारात आल्या. हे काही अमृत नाही, असं खुद्द मेचनिकॉफला सांगावं लागलं. पण तोपर्यंत धंदा सुरू झाला होता.

दुसरीकडे मोठ्या आतड्याविषयीची भीती इतकी पसरली, की लंडनचे नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठतेच्या पेशंटचं मोठं आतडं ऑपरेशन करून काढू लागले.

मेचनिकॉफ स्वतः पन्नाशीनंतर नेमाने आंबवलेलं दूध प्यायचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं, प्रयोगशाळा ओस पडली, त्याच्या हृदयाने दगा दिला आणि जुलै १९१६ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी तो गेला. त्याच्या अस्थींचा कलश पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच ठेवलाय.

दह्याचं दुकान मात्र चालूच राहिलं. त्याच्या विचारांतून प्रेरणा घेऊन १९१९ मध्ये बार्सिलोनात डॅनोन सुरू झाली. १९३५ मध्ये जपानमध्ये याकुल्ट आलं.

आता मुद्द्याचं. मेचनिकॉफ कुठं बरोबर होता? पोटातले जंतू तब्येतीवर परिणाम करतात, हे त्याने फार आधी ओळखलं. चुकला कुठं? एक तर त्याचा लाडका बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात कायमचा मुक्काम करत नाही, हे पुढच्या संशोधनात दिसलं. आणि दुसरं म्हणजे मोठं आतडं बिनकामाचं नाही. आपण खाल्लेलं फायबर तिथले जंतू आंबवतात, त्यातून तयार होणाऱ्या ॲसिडवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात.

त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. वेगोवी आणि मौंजारो ज्याची नक्कल करतात, ते जीएलपी-१ हार्मोन शरीरात मुख्यतः बनतं कुठं? लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात. म्हणजे ज्या अवयवाला मेचनिकॉफने बिनकामाचं ठरवलं, तोच पोट भरल्याचा निरोप मेंदूला पाठवणाऱ्यांपैकी एक निघाला. शरीरातलं हे हार्मोन काही मिनिटांत संपतं, इंजेक्शनचा असर मात्र आठवडाभर टिकतो. म्हणून भूक मरते, जठर हळू रिकामं होतं आणि पोट जड वाटतं.

खरी गडबड इथं होते. भूक नाही म्हणून माणूस दोन घास खातो. त्यात भाजी, उसळ, भाकरी सुटते, पाणी कमी पडतं. जंतूंना खायला उरत नाही आणि बद्धकोष्ठता वाढते. अशा वेळी नुसती प्रोबायोटिकची गोळी घेणं म्हणजे पाहुणे बोलवायचे आणि चूल पेटवायचीच नाही, असं झालं.

मग करायचं काय? दही-ताक खा, त्यातून प्रोटीन मिळतं आणि ते पोटाला हलकं पडतं. पण सोबत डाळ, मोडाची उसळ, पालेभाजी, फळं, ज्वारीची भाकरी थोडी-थोडी ताटात ठेवा. फायबर एकदम वाढवलं तर गॅस होतो, म्हणून हळूहळू वाढवा आणि त्याच्या जोडीला पाणीही वाढवा. एका वेळी पोटभर जेवण्यापेक्षा थोडं थोडं खा, सावकाश खा. वडापाव, भजी असलं तळलेलं कमी करा, कारण जठर आधीच संथ चाललेलं असतं. जेवणानंतर थोडं चाला. इसबगोल किंवा दुसरं औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून.

पोटात जोराचं दुखतंय आणि थांबतच नाहीये, उलट्या थांबत नाहीयेत, पाणीही टिकत नाहीये, असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा. आणि डोस वाढवायचा, कमी करायचा की बंद करायचा, हे पण त्यांनाच ठरवू द्या.

मेचनिकॉफच्या बाबतीत झालं ते इतकंच, की नोबेल मिळवणाऱ्या माणसाच्या अर्ध्या बरोबर गोष्टीतून लोकांनी फक्त सोपा भाग उचलला. दही तेवढं घेतलं, बाकीचं ताट विसरले. शंभर वर्षांनी तीच चूक इंजेक्शन घेऊन पुन्हा करायची गरज नाही.