विश्लेषण : ‘एम १९११’ पिस्तुलाचा चाप आणि घोडा का बदलला? कोण होते जॉन ब्राऊनिंग?

अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल म्हणून ‘एम १९११’ने १९११ ते १९८५ अशी ७४ वर्षे काढली. नेमबाज आजही त्याचा चाप (ट्रिगर) आणि घोडा (हॅमर) बदलून घेतात. हे पिस्तूल घडवणाऱ्या जॉन मोझेस ब्राऊनिंग यांच्याविषयी...

ब्राऊनिंग कोण होते?

२३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटा प्रांतातल्या ऑग्डेन येथे त्यांचा जन्म झाला. वडील बंदुका घडवणारे कारागीर. त्यांच्याच कारखान्यात जॉन हातोडी-कानस शिकले. १८७९ मध्ये त्यांना पहिले पेटंट मिळाले. त्यांच्या नावावर एकूण १२८ पेटंट जमा झाली. विंचेस्टर कंपनीशी मानधनावरून बिनसल्यावर त्यांनी बेल्जियमच्या ‘एफएन’ कंपनीची वाट धरली.

‘एम १९११’ कसे निवडले गेले?

फिलिपिन्समधील लढायांत .३८ कॅलिबरची रिव्हॉल्व्हर अपुरी पडली. सैन्याला .४५ कॅलिबरचे पिस्तूल हवे होते. मार्च १९११ मधील चाचणीत ब्राऊनिंग यांच्या पिस्तुलाने ६ हजार फैरी न अडकता झाडल्या.

चाप ओढल्यावर काय होते?

चाप मागे सरकतो आणि घोड्याला अडवणारी खीळ सुटते. घोडा पिनेवर आदळतो, गोळी सुटते. तिच्या धक्क्याने मागे जाणारा वरचा भागच घोडा पुन्हा चढवतो. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटावी, यासाठी आत स्वतंत्र पट्टी असते. घोडेस्वाराला एका हाताने पिस्तूल सुरक्षित करता यावे, म्हणून अंगठ्याने लावायची कळही सैन्याच्या आग्रहावरून बसवली गेली.

बदल का करावे लागले?

पहिल्या महायुद्धात उणिवा दिसल्या. लहान हातांच्या सैनिकांची बोटे चापापर्यंत नीट पोहोचत नव्हती. मागे येणारा घोडा अंगठ्याजवळची कातडी चिमटत असे. त्यामुळे ‘एम १९११ए१’मध्ये चाप आखूड झाला, त्यामागचा सांगाडा कोरला गेला, घोड्याचे टोक छोटे केले आणि मुठीमागची सुरक्षा-कळ लांबवली. आतली रचना मात्र तीच राहिली. दोन्ही पिस्तुलांचे भाग एकमेकांना बसत. आज स्पर्धेसाठी चाप हलका करून घेतला जातो. मात्र खीळ आणि घोडा यांची पकड प्रमाणाबाहेर कमी झाली, तर नको तेव्हा गोळी सुटण्याचा धोका असतो.

वारसा कोणता?

१९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली, ती ब्राऊनिंग यांच्याच रचनेच्या एफएन पिस्तुलाने. त्यातून पेटलेल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हातीही त्यांचेच पिस्तूल होते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएज येथे एफएनच्या कारखान्यातच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले पिस्तूल दियूदोने सेव्ह यांनी पूर्ण केले. १९३५ मध्ये आलेले हेच ते ‘हाय-पॉवर’. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात त्याचीच आवृत्ती भारतीय सैन्यासाठी तयार झाली.