विश्लेषण : संविधान ते दीक्षाभूमी... मधुमेहाशी झुंजत बाबासाहेबांनी अखेरची आठ वर्षे कशी काढली?

नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पाठोपाठ लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याआधीची आठ वर्षे मधुमेह त्यांचे शरीर पोखरत होता. त्यांना तेव्हा कोणते उपचार उपलब्ध होते आणि आज वाढलेली साखर व फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णाच्या हाती काय आहे, याचा हा आढावा.

आजाराने कधी गाठले?

विद्यार्थिदशेत लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास, पुढे रात्र-रात्र वाचन आणि लेखन, अशी बाबासाहेबांची दिनचर्या होती. रमाबाईंचे २७ मे १९३५ रोजी निधन झाले. त्यानंतरची तेरा वर्षे त्यांच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळांकडे लक्ष देणारे घरात फारसे कुणी नव्हते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कायदामंत्रिपदाची जबाबदारी होतीच. याच सुमारास मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि पायांच्या वेदना यांनी उचल खाल्ली. वेदनांमुळे रात्रीची झोप उडाली.

पायांचे दुखणे मधुमेहात का होते?

रक्तात साखर दीर्घकाळ जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसांना इजा होते. सर्वांत लांब नसा पायांच्या असल्याने त्रास तिथून सुरू होतो. आग होणे, मुंग्या येणे, रात्री ठणका वाढणे ही त्याची लक्षणे. डोळ्यांच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांची दृष्टीही मंदावली होती.

माईसाहेबांची भूमिका काय होती?

उपचारासाठी बाबासाहेब मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे जात. मुंबईतच त्यांची ओळख डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून त्या डॉक्टर झाल्या होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर, म्हणजेच माईसाहेब झाल्या. पथ्य, इन्सुलिनची इंजेक्शने आणि विश्रांती यांची जबाबदारी त्यांनी घेतली.

विश्रांती मात्र बाबासाहेबांच्या वाट्याला फारशी आली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी संविधानाचा मसुदा सभागृहात मांडला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांना उत्तरे देण्याचा मोठा भार बाबासाहेबांवर होता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले, तोवर हे काम वर्षभर चालले.

तेव्हा उपचार कोणते होते?

इन्सुलिन हेच मुख्य औषध होते. टोरांटोमध्ये १९२१ मध्ये त्याचा शोध लागला आणि १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले. त्याआधी कर्बोदके तोडणे किंवा जवळपास उपाशी ठेवणे एवढाच मार्ग होता. म्हणजे लो-कार्ब आहार हा आजचा शोध नाही. बाबासाहेबांच्या काळातील इन्सुलिन गाय-डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जाई. घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. लघवीतील साखरेवरून अंदाज बांधावा लागे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीही नव्हती. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनचे रुग्णांवरील निष्कर्ष १९५७ मध्ये फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. तोवर बाबासाहेब हयात नव्हते.

उपचार पुढे का ढकलले गेले?

ऑगस्ट १९५१ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून प्रकृतीची कल्पना दिली. डॉक्टर दीर्घ उपचारांसाठी आग्रही होते. पण त्यांच्या स्वाधीन होण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, अशी बाबासाहेबांची इच्छा होती. बिल रखडले आणि सप्टेंबरअखेर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवून ते पराभूत झाले. त्याच वर्षातील काही महिने आजारपणात गेले, तरी डिसेंबरमध्ये ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले.

नागपूरचे ते दिवस कसे होते?

११ ऑक्टोबर १९५६ रोजी ते नागपुरात आले आणि सीताबर्डीतील श्याम हॉटेलात उतरले. सोहळ्यात आधारासाठी त्यांच्या हातात काठी होती. भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपुरात प्रदीर्घ भाषण केले आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दीक्षा सोहळा झाला. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बोलले. दिल्लीला परतल्यावर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम अखेरच्या रात्रीपर्यंत सुरू होते. ६ डिसेंबरला झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला.

आज चित्र काय आहे?

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. टाइप-२ मधुमेहाच्या अनेक रुग्णांना फॅटी लिव्हरही असते. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतालाही चरबीमुळे सूज येते, या आजाराला स्वतंत्र नाव १९८० मध्ये मिळाले. गरजेपेक्षा जास्त भात, पोळी, साखर खाल्ली की यकृत त्यातील काही भागाची चरबी बनवते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. त्यामुळे रात्री काही न खाताही सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते.

आहाराने फरक पडतो का?

पडतो. वजन सात ते दहा टक्क्यांनी घटले तरी यकृतावरील चरबी आणि सूज कमी होते. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत कमी उष्मांकाच्या आहाराने एका वर्षात ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आली. मात्र या रुग्णांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि कुणीही इन्सुलिनवर नव्हते. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२२ मधील विश्लेषणात नव्याने निदान झालेल्या रुग्णांसाठी कर्बोदकांतून ४९ ते ५४ टक्के उष्मांक आणि प्रथिनांतून १९ ते २० टक्के, असे प्रमाण सुचवले गेले. म्हणजे भाकरी पूर्ण सोडण्याची गरज नाही.

नागपुरी ताटात हे जमते. दोन वेळचा भात एक वाटीवर आणावा, तीनऐवजी एक भाकरी घ्यावी आणि पिठले, घट्ट वरण, अंडी, मासे, आंबाडी-मेथीची भाजी वाढवावी. तर्री-पोह्यांच्या जोडीला मोड आलेली मटकी जास्त आणि पोहे कमी घ्यावेत. संत्रा बर्फी आणि साखरेचा चहा हे मात्र कमी करावेच लागतात.

कोणी सावध राहावे?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी अचानक कर्बोदके तोडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, डोके गरगरणे ही त्याची लक्षणे. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या सुरू असताना फारच कमी कर्बोदके घेतली, तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिने परस्पर वाढवू नयेत. औषधांचा डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा, मगच ताट बदलावे. एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, तर डोळे, पाय आणि मूत्रपिंडांची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. यातील बहुतेक साधने बाबासाहेबांच्या काळात नव्हती. आज ती जिल्हा रुग्णालयातही मिळतात.