एलेन स्वालो रिचर्ड्‌स : गृहविज्ञानाची जननी

गृहविज्ञान हा विषय घेतला असे सांगताच समोरचा माणूस हमखास हसतो. पोळ्या लाटायला कॉलेजात कशाला जायचे, असा भाव त्या हसण्यात असतो. ते हसणे मी पुष्कळदा पाहिले आहे. म्हणूनच या विषयाचा पाया घालणाऱ्या विदुषीची ओळख मैत्रिणींना, आणि विशेषतः मित्रांना, करून द्यावीशी वाटते.

एलेनचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स राज्यात डन्स्टेबल या गावी झाला. आईवडिलांची ती एकुलती एक. वडिलांच्या दुकानात मदत करून, शिकवण्या घेऊन तिने पै पै साठवली आणि पंचविशीत व्हासार कॉलेजात नाव घातले. १८७० मध्ये पदवी मिळाल्यावर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तिला प्रवेश दिला. तेथील ती पहिली विद्यार्थिनी. फी माफ झाली, तेव्हा आपल्या गरिबीची दखल घेतली असे तिला वाटले. खरे कारण निराळेच होते! कोणी तक्रार केलीच, तर ही आमची विद्यार्थिनी नव्हेच असे म्हणायला संस्थेला वाट हवी होती.

१८७३ मध्ये तिने रसायनशास्त्राची पदवी मिळवली. दोन वर्षांनी खनिजशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्‌स यांच्याशी तिचा विवाह झाला. १८७६ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली, तेथे एलेनबाईंनी बिनपगारी काम केले. १८८४ पासून त्या आरोग्य-रसायन शिकवू लागल्या. राज्यातील नद्या-विहिरींच्या पाण्याचे हजारो नमुने त्यांच्या प्रयोगशाळेत तपासले गेले.

हेच शास्त्र त्यांना घराघरांत न्यायचे होते. १८९० मध्ये त्यांनी बोस्टनला गरिबांसाठी पौष्टिक, मोजून-मापून शिजवलेल्या अन्नाचे स्वयंपाकघर काढले. पण परदेशांतून आलेल्या मजुरांना ते बेचव अन्न रुचेना. त्यांना आपापल्या देशाची चव हवी होती. शास्त्र बरोबर असले तरी जीभ ऐकत नाही, हा धडा मला आजही मोलाचा वाटतो. बाईंनी हार मानली नाही. १८९४ पासून त्याच स्वयंपाकघरातून शाळांना जेवण जाऊ लागले.

१८९९ मध्ये लेक प्लॅसिड येथे या विषयाची पहिली परिषद भरली. ग्रंथालयातील दशांश वर्गीकरणाचे जनक मेलव्हिल ड्युई हे यजमान, तर बाई अध्यक्ष. त्यातूनच पुढे अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन उभी राहिली आणि पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. ३० मार्च १९११ रोजी त्यांचे निधन झाले. प्रोफेसरपद मात्र अखेरपर्यंत लाभले नाही.

१९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती व कारागिरीबरोबर गृहविज्ञानाच्या शिक्षणालाही केंद्र सरकारचा पैसा मिळाला. विषय देशभर पसरला. परंतु रसायनशास्त्र शिकलेल्या कितीतरी स्त्रियांना विद्यापीठांनी याच विभागात बसवले. इतर दारे बंदच राहिली. बाईंनी उघडलेला दरवाजा पुढे कुंपण झाला काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

बडोद्याच्या विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना १९५० मध्ये गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. अशा शाखांत मुलगे अद्याप तुरळकच दिसतात. पाणी शुद्ध आहे का, अन्न सकस आहे का, हे प्रश्न फक्त मुलींचेच आहेत काय? हसणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.