सर आल्बर्ट हॉवर्ड : अर्धेच स्वीकारलेले कार्य

खर्डा म्हटले की मराठी मनाला ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. निजामाचा पराभव, खर्ड्याच्या किल्ल्यात त्याने घेतलेला आश्रय आणि मराठी सरदारांनी एकत्र येऊन मिळविलेला तो अखेरचा मोठा विजय, एवढे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जामखेड तालुक्यातील या कोरडवाहू मुलखात शेतकऱ्याला जी लढाई द्यावी लागते तिची बखर मात्र कोणी लिहीत नाही. पावसाळा सरतो, तूर फुलोऱ्यावर येते, आता चार पैसे हाती लागतील असे वाटू लागते आणि नेमक्या त्याच वेळी उभ्या ओळीतील एखादे झाड मान टाकते. पाहता पाहता त्याच्या शेजारची झाडेही वाळतात. खोड उभे चिरले तर आत काळपट रेषा दिसतात. ही तुरीची मर. तिची बुरशी जमिनीत असते, मागील वर्षांच्या धसकटांवर जगते आणि मुळांवाटे झाडात शिरते. पानांवर फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

या बुरशीचा छडा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एडविन बटलर या शास्त्रज्ञाने बिहारमधील पुसा येथे लावला. लॉर्ड कर्झनच्या काळात तेथे सरकारी शेती संशोधन संस्था उभी राहिली होती. बटलर रोगाचा जंतू शोधीत असताना त्याच संस्थेच्या दुसऱ्या विभागातील एक वनस्पतिशास्त्रज्ञ निराळाच प्रश्न विचारीत होता. रोग कशाने होतो याऐवजी, जी झाडे निरोगी राहतात ती का राहतात, याचा त्याला शोध घ्यावयाचा होता. त्याचे नाव आल्बर्ट हॉवर्ड. आज सेंद्रिय शेतीचा आद्य पुरुष म्हणून जगभर त्याचे नाव घेतले जाते. परंतु त्याच्या आयुष्याचा निम्माच भाग स्मरणात राहिला आहे, आणि त्याची किंमत खर्ड्यासारख्या गावांना मोजावी लागते.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात शेतकऱ्याच्या घरी झाला. लंडन आणि केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेऊन ते १८९९ मध्ये वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर गेले आणि तेथे उसाच्या बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून काम करू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली रोग पाहावयाचा आणि मळेवाल्यांना उपाय सांगावयाचा, हे त्यांचे काम. पण स्वतःचा सल्ला स्वतः लावून पाहावा एवढीही जमीन त्यांच्या हाती नव्हती. ज्याने पीक काढले नाही त्याने पिकाचे औषध सांगावे, ही विसंगती शेतकऱ्याच्या या मुलाला टोचत राहिली.

१९०३ ते १९०५ या काळात केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात ते हॉप या वेलीवर काम करीत होते. बिअरला कडसर चव देणाऱ्या या वेलीचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. फळ मादी वेलीला येत असल्यामुळे मळेवाले नर वेल उपटून टाकीत. परागीभवन झालेल्या वेली भुरी आणि मावा यांना अधिक चांगल्या रीतीने तोंड देतात, असे हॉवर्ड यांनी दाखविले. निसर्गाची एक व्यवस्था माणसाने अडगळ समजून मोडली होती. ती पूर्ववत केल्याबरोबर रोग हटला. तरुण शास्त्रज्ञाच्या मनावर याचा ठसा कायमचा उमटला.

१९०५ साली ते पुशाला आले. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाला. केंब्रिजच्या या विदुषीने वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर फ्रेडरिक ब्लॅकमन यांच्यासमवेत मोलाचे संशोधन केले होते. पुढील पंचवीस वर्षांचे काम या दोघांचे आहे आणि त्यातील गॅब्रिएलबाईंचा वाटा कोणता हे वेगळे काढता येणार नाही. सरकारने मात्र त्यांना स्वतंत्र अधिकारपद देण्यास १९१३ साल उजाडू दिले.

पुशाला आल्यावर हॉवर्ड यांना अखेर ७५ एकर जमीन मिळाली. आसपासचे शेतकरी फारसे कीडनाशक न वापरता निरोगी पिके घेतात हे पाहून त्यांनी या शेतकऱ्यांना आणि किडींनाच आपले गुरू मानले. गोऱ्या साहेबाने बिहारच्या रयतेला गुरुस्थानी मानावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. या दांपत्याने देशभरातील गव्हाचे नमुने गोळा केले, एकेका निवडक झाडाचा वंश वेगळा वाढविला, संकर केले. उत्पन्न, दाण्याचा दर्जा, काडीचा ताठपणा आणि तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्ती या कसोट्यांवर पारखून पुसा ४, पुसा १२ यांसारखे वाण निघाले आणि उत्तर हिंदुस्थानात लाखो एकरांवर पसरले. रोगप्रतिकार हा गुण पिढीजात असतो, हे केंब्रिजच्या रोलंड बिफन यांनी १९०५ मध्ये गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावर नुकतेच सिद्ध केले होते. हॉवर्ड दांपत्य त्याच विचाराने चालले होते. सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांना ज्याचा सोईस्कर विसर पडतो तो हा भाग. त्यांचा आद्य पुरुष अगोदर एक कुशल बियाणे-संशोधक होता.

येथे आपल्या खपलीची गोष्ट सांगितली पाहिजे. सातारा-सांगलीकडे पुरणपोळीसाठी नावाजलेला हा जाड टरफलाचा गहू तांबेऱ्याला चिवटपणे तोंड देतो. १९२० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा येथे एल्विन स्टॅकमन आणि त्यांचे सहकारी काळ्या तांबेऱ्याच्या निरनिराळ्या जाती ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच वापरू लागले. त्यात एक खपली होता आणि तेथील शास्त्रीय ग्रंथांत तो याच मराठी नावाने नोंदला गेला. याच संशोधनातून एक अप्रिय सत्य बाहेर आले. तांबेराही बदलतो. आज जो वाण त्याला दाद देत नाही, तो दहा वर्षांनी बळी पडू शकतो.

हॉवर्ड यांना बियाण्याची मर्यादा वेगळ्या वाटेने उमगली. बिहारमध्ये जावा जातीच्या निळीवर मर पडत असे. बुरशी शोधणाऱ्यांना बुरशी सापडेना. हॉवर्ड यांनी झाडे मुळासकट खणून काढली. पावसाळ्यात जमीन चिंब होऊन हवा कोंडली की बारीक मुळे मरतात आणि झाड उपाशी पडते, असे त्यांना दिसले. १९१० पासून काही वर्षे उन्हाळ्यात ते क्वेट्ट्याला फळबागांवर प्रयोग करीत. तेथे हिवाळ्यात भरमसाट पाणी दिलेल्या झाडांवर मावा तुटून पडे, आणि मुळांशी हवा खेळती राहिली की तो ओसरे. रोग वर दिसतो, पण त्याचे कारण पुष्कळदा पायाखाली असते, हा विचार येथे पक्का झाला. त्यांच्या बैलांची गोष्टही प्रसिद्ध आहे. सकस जमिनीवरचा चारा खाणारे हे बैल लाळ्या-खुरकताने आजारी असलेल्या शेजारच्या जनावरांशी कुंपणावरून तोंडाला तोंड लावीत, तरी त्यांना रोग झाला नाही. तुलनेची काटेकोर व्यवस्था नसल्यामुळे याला प्रयोग म्हणता येणार नाही. हॉवर्ड मात्र तो पुरावा मानीत, आणि त्यांच्या पुढील काळातील घसरणीची चाहूल येथेच लागते.

पुशाची संस्था पिकानुसार नव्हे तर शास्त्रानुसार विभागलेली होती. बुरशी एकाकडे, कीड दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. गव्हाचे संपूर्ण झाड कोणाकडेच नाही! हॉवर्ड यांनी सर्व कुंपणे ओलांडावयाची म्हटले की सहकारी आपल्या हद्दीची आठवण करून देत. शेवटी त्यांनी पुसा सोडले आणि १९२४ साली इंदूरला स्वतःच्या कल्पनेप्रमाणे संस्था उभारली. पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समितीचा, आणि सुमारे ३०० एकर जमीन होळकर दरबारची. खर्ड्याच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने उभे राहिलेले हेच ते होळकर. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी हेही जामखेड तालुक्यातलेच. माळव्याची काळी जमीन आणि खर्ड्याकडची काळी रानेही एकमेकींना परकी नाहीत. पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली, आणि शेणखत मिळाले नाही की दगडासारखी होणारी ही माती.

इंदूरला जे घडले ते इंदूर पद्धत म्हणून जगाला माहीत झाले. पऱ्हाट्या आणि तुराट्या म्हणजे शेतातील सर्वांत हट्टी कचरा, तो लवकर कुजत नाही. संस्थेतील रस्त्यांवर तो अंथरून गाड्यांच्या चाकांखाली भुगा होऊ देत. नंतर सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यांत काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचीत. ठरावीक अंतराने तीन वेळा चाळवणी आणि पाण्याचा शिडकावा, की तीन महिन्यांत खत तयार. ढिगातील उष्णता आरंभी ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास चढे. तणांचे बी आणि पुष्कळसे रोगजंतू त्यात मरत. आपला उकिरडाही हेच करीत आला आहे, असे कोणी म्हणेल. पण उकिरड्यात हवा नसते, माप नसते, आणि निम्मा कस पावसाबरोबर वाहून जातो.

ही पद्धत सांगणारे पुस्तक १९३१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढले, आणि त्यावर दोन लेखकांची नावे होती. दुसरे नाव संस्थेतील रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांचे. वाड हे आडनाव मराठी वाचकाला परके नाही, तरी हा माणूस आपल्याला पूर्ण परका राहिला. हॉवर्ड गेल्यानंतरही ते काम इंदूरला चालूच होते. १९३५ साली गांधीजी इंदूरला आले असता त्यांनी हे खताचे काम आवर्जून पाहिले. हॉवर्ड यांच्या नावाने जगात संस्था निघाल्या, नियतकालिके चालली. वाड यांचे साधे चरित्र मराठीत असू नये, हे आपल्या विद्वत्तेला शोभणारे नाही.

१९३० मध्ये गॅब्रिएलबाईंचे निधन झाले. पुढील वर्षी हॉवर्ड यांनी हिंदुस्थान सोडला आणि गॅब्रिएलबाईंच्या भगिनी लुईझ यांच्याशी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९४० चा त्यांचा ग्रंथ म्हणजे शेतीचे मृत्युपत्रच. रासायनिक खतांवर आणि तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या संशोधनावर त्यात कडाडून टीका आहे. येथून पुढे मात्र संशोधक मागे पडला आणि प्रचारक पुढे आला. जमीन निरोगी असली की पिकाला रोग होतच नाही, अशा टोकाला ते पोहोचले. मातीतून येणाऱ्या मरीबाबत त्यांच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य होते. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध जमिनीत रोगट बुरशीला खाणाऱ्या दुसऱ्या बुरशी वाढतात. बीजप्रक्रियेसाठी आज खेडोपाडी मिळणारी ट्रायकोडर्मा ही त्यांतलीच. तांबेऱ्याचे तसे नाही. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी अनेक वर्षे खपून दाखवून दिले की, मैदानी प्रदेशात उन्हाळ्यात नष्ट होणारा तांबेरा डोंगरांत टिकतो आणि तेथून वाऱ्यावर स्वार होऊन परत येतो. दक्षिणेतून, निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून उडालेले बीजाणू एखाद्याने खड्ड्यात किती खत केले आहे हे पाहून उतरत नाहीत. १९४६-४७ च्या रब्बीत मध्य भारतातील गहू काळ्या तांबेऱ्याने उद्ध्वस्त झाला. त्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९४७ रोजी, हॉवर्ड यांनी लंडनमध्ये देह ठेवला. त्या संकटाला पुढे उत्तर मिळाले ते बियाण्यातून. बेंजामिन पाल यांच्या चमूने तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा एन. पी. ८०९ हा गहू १९५४ मध्ये दिला.

येथून हॉवर्ड यांची वाटणी झाली. सरकारी संशोधन केंद्रांनी पुशाचे हॉवर्ड घेतले, सेंद्रियवाल्यांनी इंदूरचे. दोन्ही घरे एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मरीला तोंड देणारे विजय, दिग्विजय हे हरभऱ्याचे वाण दिले. बदनापूरच्या केंद्राने मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारी बी. एस. एम. आर. ७३६ ही तूर दिली. हे उपकार फार मोठे आहेत. पण पिशवीवर वाणाचे नाव असते, मातीबद्दल अक्षर नसते. उलट शेणखताचे व्रत घेतलेला शेतकरी घरचे जुने, मरीला हमखास बळी पडणारे बी पेरतो आणि रोग आला की आपल्या श्रद्धेलाच दोष देतो. गंमत अशी की दोन्ही घरांच्या आधी शहाणपण शेतातच होते. ज्वारीच्या पाट्यांत तूर घेण्याची आपली जुनी रीत घ्या. ज्वारीच्या सोबतीने तुरीवरील मर कमी होते, असे हैदराबादजवळील पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतील प्रयोगांत १९८० च्या दशकात दिसून आले. तुरीची सलग पेरणी वाढली आणि ही सोबत सुटली.

खर्ड्याच्या शेतकऱ्यापुढे प्रश्न उरतो तो व्यवहाराचा. मरीला तोंड देणारे बी तो दुकानातून आणू शकेल, ज्वारीचा पाटा पुन्हा घालू शकेल. पण इंदूरच्या खड्ड्याला शेण लागते, गोठ्यातली ओली माती लागते. ट्रॅक्टर आले आणि दावणी ओस पडल्या. गाडीच्या चाकाखाली भरडावयाच्या तुराट्या चुलीत जातात किंवा बांधावर जळतात, आणि रोगट धसकटे वखराखाली येऊन जमिनीतच राहतात, पुढल्या तुरीची वाट पाहत.