रुळांत वीज खेळविणारा लोहार

मरोळ नाक्यावर आज मुंबईच्या दोन मेट्रो एकमेकींना भेटतात. वर्सोवा-घाटकोपर मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भुयारी मार्गाचा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला. याच परिसरातील गाळ्यांमध्ये जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून देणारे कारागीरही आहेत. मेट्रोची अवाढव्य मोटर, कारागिराच्या हातातली पंप-पंख्याची मोटर आणि हौशी माणसांच्या चिमुकल्या ‘स्लॉट कार’मधली, अंगठ्याएवढी मोटर या तिघींचे गोत्र एकच. त्या गोत्राच्या आद्य पुरुषांत अमेरिकेतील एका खेडवळ लोहाराचे नाव घ्यावे लागते. थॉमस डेव्हनपोर्ट हे त्याचे नाव.

स्लॉट कार म्हणजे खाचेतून धावणारी गाडी. पट्ट्यात एक अरुंद खाच असते आणि तिच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटातील मोटरीला या पट्ट्यांतूनच वीज मिळते. यांतील ‘ड्रॅग’ शर्यत सरळ रेषेतली. खऱ्या पाव मैलाचे अंतर १:२४ या प्रमाणात अवघे ५५ फूट भरते. वळण नाही, डावपेच नाही; निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो. म्हणून खरी शर्यत आधीच, टेबलावर होऊन गेलेली असते. तार किती जाड घ्यावी, तिचे वेढे किती द्यावेत, चुंबक किती जोरकस असावा, ब्रशने विजेची दिशा नेमकी कोणत्या क्षणी बदलावी, दंतचक्रांचे प्रमाण काय ठेवावे, मागच्या चाकांची पकड कशी वाढवावी, याच विवंचनेत हौशी कारागिराच्या रात्री जातात. यांपैकी तार, चुंबक आणि विजेची दिशा हे प्रश्न डेव्हनपोर्टपुढे उभे राहिले, तेव्हा उत्तर विचारायला जगात फारसे कोणी नव्हते.

डेव्हनपोर्टचा जन्म ९ जुलै १८०२ रोजी व्हरमाँट राज्यातील विल्यम्सटाउन येथे झाला. वडील लहानपणीच गेले. शाळा बेताचीच झाली आणि कोवळ्या वयात तो लोहाराकडे उमेदवारीला लागला. पुढे ब्रँडन गावात त्याने स्वतःची भट्टी थाटली. घोड्यांचे नाल, गाड्यांच्या धावा आणि शेतीची अवजारे एवढेच त्याचे जग होते.

१८३३ साली ते जग पालटले. न्यूयॉर्क राज्यात क्राउन पॉइंट येथील पेनफील्ड यांच्या लोखंडाच्या कारखान्यात एक विद्युतचुंबक आला होता. जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाच्या पद्धतीने बनविलेला हा चुंबक जड ऐरण लीलया उचलून धरी आणि तार सुटताच सोडून देई. डेव्हनपोर्टने तो पाहिला आणि त्याला झपाटल्यासारखे झाले. लोखंड खरेदीसाठी आणलेले पैसे त्याने चुंबकावर घातले आणि भावाचा घोडाही त्या व्यवहारात गेला, असे सांगितले जाते. भट्टीला लोखंड नाही, घरात पैसा नाही आणि हातात एक चमत्कारिक चुंबक, अशा अवस्थेत तो परतला.

घरी येताच त्याने तो चुंबक सोडवून पाहिला. वेढे कसे दिले आहेत, याची टिपणे त्याची पत्नी एमिली घेत होती. नवा चुंबक करायचा तर तारांचे वेढे परस्परांना चिकटता कामा नयेत, त्यांच्यामध्ये आवरण हवे. आज तारेवर पातळ लेप असतोच. तेव्हा तो नव्हता. एमिलीने आपल्या लग्नातल्या रेशमी पोशाखाच्या पट्ट्या कापून दिल्या, अशी कथा आहे. इतिहासाला ती कितपत मान्य आहे, हा भाग वेगळा. परंतु त्या घराने या छंदाची किंमत मोजली, यात शंका नाही.

चुंबक खेचतो, पण खेचून तिथेच थांबतो. त्याच्याकडून चाक सतत फिरवून घ्यायचे तर चाक जवळ येताच विजेची दिशा उलटली पाहिजे, म्हणजे ओढीचे रूपांतर ढकलण्यात होईल. ही अदलाबदल फिरत्या दांड्याकडूनच करून घेण्याची युक्ती म्हणजे कम्युटेटर. १८३४ मध्ये डेव्हनपोर्टचे चाक फिरू लागले. युरोपात याच सुमारास याकोबी आदी संशोधक याच वाटेवर होते. त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा, हा वाद कायम राहणार. डेव्हनपोर्टचे वेगळेपण पुढच्या पावलात आहे. त्याने एक चिमुकली गाडी बनविली, वर्तुळाकार रूळ मांडले आणि विद्युत घट गाडीवर न लादता बाजूला ठेवून रुळांमधूनच गाडीला वीज पोहोचविली. आजच्या स्लॉट कारचे हेच तत्त्व आहे. घटाचे ओझे उतरले की गाडी हलकी होते, हे त्या लोहाराने पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखले होते.

पेटंटासाठी त्याने वॉशिंग्टनला नमुना धाडला. डिसेंबर १८३६ मध्ये पेटंट कार्यालयालाच आग लागली आणि नमुना भस्मसात झाला. त्याने नव्याने तयारी केली. २५ फेब्रुवारी १८३७ रोजी अमेरिकेचे १३२ क्रमांकाचे पेटंट त्याच्या नावे झाले. विजेच्या मोटरीला मिळालेले ते अमेरिकेतील पहिले पेटंट. रॅन्सम कुक या भागीदारासह त्याने न्यूयॉर्कमध्ये कर्मशाळा काढली. पण त्याच वर्षी देशाला मंदीने घेरले आणि भांडवल उभे राहिले नाही. १८४० मध्ये त्याने मोटरीवर छापखाना चालवून स्वतःचे नियतकालिकही काढले. कौतुक झाले, ग्राहक मिळाला नाही.

याचे कारण मोटरीत नव्हते. वीज मिळत होती ती घटातून, आणि घटात जस्त झिजत होते. कोळसा जाळून वाफेचे इंजिन चालविणे जस्त झिजवून मोटर चालविण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडे. मोटरीत कितीही सुधारणा केली तरी हा हिशेब बदलणार नव्हता. पट्ट्याला पुरेशी वीज मिळाली नाही तर उत्तमातील उत्तम गाडीही सुरुवातीलाच मागे पडते, हे ड्रॅग शर्यतीतला नवखाही लवकरच शिकतो. डेव्हनपोर्टचे अवघे आयुष्य त्या एका उणिवेपायी मागे पडले. कफल्लक होऊन तो व्हरमाँटला परतला. अखेरच्या दिवसांत पियानोच्या तारा विद्युतचुंबकाने छेडण्याचे प्रयोग चालू असतानाच, ६ जुलै १८५१ रोजी, सॉल्झबरी येथे त्याचे निधन झाले. एकोणपन्नासावा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

स्वस्त वीज आली ती त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, ग्रामच्या डायनॅमोपासून. १८७९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सीमेन्सची छोटी विद्युत गाडी रुळांवर माणसे घेऊन फिरली. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विद्युत रेल्वे धावली. १९५७ मध्ये इंग्लंडमधील फ्रेड फ्रान्सिस यांनी ‘स्केलेक्स्ट्रिक’ बाजारात आणून खाचेतली गाडी घरोघरी पोहोचविली.

डेव्हनपोर्टला अपयशी म्हणण्याची प्रथा आहे. ती अन्यायाची आहे. त्याच्या वाट्याचे काम त्याने पुरे केले होते. विजेचे काम व्हायचे राहिले होते, आणि ते एका लोहाराच्या भट्टीत होण्यासारखे नव्हते. शोध खरा असूनही त्याची वेळ आलेली नसते, तेव्हा त्याची किंमत शोधकाच्या घराला मोजावी लागते. डेव्हनपोर्ट कुटुंबाने ती पुरेपूर मोजली.