ॲक्सोलॉटल सांभाळणारा डॉक्टर

मानेजवळ पिसांसारखे कल्ले, पापण्या नसलेले डोळे आणि कायम हसल्यासारखे तोंड असलेला ॲक्सोलॉटल हा मेक्सिकोतील जलचर आता मुलांच्या खेळण्यांवर आणि हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांतही दिसतो. तुटलेला पाय पुन्हा उगवण्याच्या क्षमतेमुळे तो संशोधकांनाही हवा असतो. हा प्राणी प्रयोगशाळांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः एका फ्रेंच डॉक्टरमुळे. त्यांचे नाव ओग्युस्त द्युमेरिल.

द्युमेरिल यांचा जन्म १८१२ मध्ये पॅरिसला झाला. वडील डॉक्टर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे नामांकित अभ्यासक. मुलानेही वैद्यकीची पदवी घेतली. औषधांमुळे शरीराच्या तापमानात काय फरक पडतो, याचे प्रयोग त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केले. पुढे ते वडिलांच्या विषयाकडे वळले आणि १८५७ मध्ये पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात सरपटणारे प्राणी व मासे या विषयांचे प्राध्यापक झाले. तिथे जिवंत सरपटणारे प्राणी ठेवण्याची व्यवस्था होती. त्यांच्या आयुष्यातले मोठे काम तिथेच झाले.

ॲक्सोलॉटल तेव्हा कोडे होऊन बसला होता. प्रवासी शास्त्रज्ञ हंबोल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकोहून आणलेले मृत नमुने प्रख्यात शरीररचनातज्ज्ञ कुव्हिए यांनी तपासले होते. हे कुठल्या तरी सॅलॅमँडरचे पिल्लू असावे, असा त्यांचा कयास. पण मोठा झालेला प्राणी कुणी पाहिला नव्हता, आणि बरणीतल्या नमुन्यावरून तो दिसणारही नव्हता.

फ्रेंच सैन्य मेक्सिकोत असताना तिथून ३४ जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला आले. त्यातले सहा, म्हणजे पाच नर आणि एक मादी, १८६४ मध्ये द्युमेरिल यांच्या हाती पडले. त्यांनी ते नुसते जगवले नाहीत, तर १८६५ च्या जानेवारीत मादीने अंडीही घातली. म्हणजे हे पिल्लू नव्हे, पूर्ण वाढलेला प्राणी, असे वाटू लागले. पण त्याच वर्षी काही पिल्लांचे कल्ले आखडले, शेपटीवरचा पडदा गेला, कातडीवर पिवळसर ठिपके आले आणि ती जमिनीवर राहणारे सॅलॅमँडर झाली. त्यांचे आईबाप मात्र पाण्यात होते तसेच राहिले. बाल्यावस्थेतच प्रजनन करणारा हा प्राणी आहे, हे अशा रीतीने समोर आले.

हे रूपांतर का होते? कल्ले काढले तर प्राणी फुप्फुसांकडे वळेल, असे मानून द्युमेरिल यांनी कल्ले कापून पाहिले. काही प्राणी बदललेही, पण खरे कारण वेगळे होते. १९२० मध्ये ज्युलियन हक्सले यांनी ॲक्सोलॉटलना बैलाची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली आणि ते जमिनीवरचे सॅलॅमँडर झाले. आपल्या बाळांच्या मेंदूच्या वाढीलाही हेच संप्रेरक लागते. म्हणूनच नवजात बाळाची थायरॉइड तपासणी टाळू नये.

द्युमेरिल यांच्याकडे पिल्ले भरपूर झाली आणि त्यांनी ती युरोपभरच्या अभ्यासकांना वाटली. प्रयोगशाळांतल्या आजच्या ॲक्सोलॉटलांचा वंश मोठ्या प्रमाणात तिथपर्यंत मागे जातो. द्युमेरिल स्वतः १८७० च्या नोव्हेंबरमध्ये, पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना, वारले.

मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्को कालव्यांत, म्हणजे या प्राण्याच्या मूळ घरी, १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ च्या पाहणीत तो आकडा ३५ च्या आसपास आला. जगातले बहुतेक ॲक्सोलॉटल आता माणसाच्या टाकीतच आहेत, त्यामुळे टाकीत काय घालतो याला महत्त्व आहे.

सर्वांत जास्त चूक होते ती टाकीच्या तळाबाबत. ॲक्सोलॉटल भक्ष्य चावत नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट समोरचे सगळे आत ओढतो. तळाशी शोभेचे रंगीत खडे असतील तर तेही पोटात जातात आणि आतड्यात अडकतात. लहान मुलाने मणी किंवा नाणे गिळल्यावर आतडे बंद पडण्याची जी भीती असते, तीच इथेही. खाणे सोडणे, विष्ठा न होणे, पोट फुगणे ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे न्यावे.

पिल्लांसाठी तळ मोकळाच ठेवावा, तो स्वच्छ करायलाही सोपा. साधारण १५ सेंटिमीटरहून मोठ्या प्राण्यासाठी एक मिलिमीटरहून बारीक, धुतलेली वाळू चालते, कारण ती गिळली तरी सहसा बाहेर पडते. गुळगुळीत काचेवर पाय घसरतात, म्हणून खरखरीत फरशी किंवा धारदार कडा नसलेली पाटीच्या दगडाची लादी ठेवता येते. दगड घालायचेच तर त्याच्या डोक्याहून मोठे असावेत. पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअस लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारे यंत्र नसेल, तर हा प्राणी घरी आणू नये.