आधी चूळ, मग अक्षर

1945 च्या डिसेंबरात बोर्डी गावात ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडी उघडली, पण जिच्यासाठी सगळा खटाटोप होता ती हरिजनवाड्यातली आणि गरीब वस्त्यांमधली मुलं काही येईनात. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेऊन मांडली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं नाव त्या अंगणातून आलं.

तिथल्या दिवसाची सुरुवात पाटी-पेन्सिलीने होत नसे. आधी मुलांचं आवरणं. डोळ्यांतली चिपडं पुसायची, नाक साफ करायचं, नखं काढायची, केस विंचरायचे, दात घासून चूळ भरायला लावायची. खरजेने आणि उवांनी हैराण झालेल्या मुलाला गाणं म्हणून काय दाखवायचं? ते आधी खाजवणार. हे काम बाई स्वतः करत. त्या काळी शिक्षिकेने शिकवावं आणि पोरांचं हगणं-मुतणं, शेंबूड-लाळ आयेने बघावी, अशी समजूत होती. समजूत अजून पुरती गेलेली नाही, आणि ती फक्त शाळेतच आहे असंही नाही.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत वैधव्य आलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढचं आयुष्य माजघरातल्या कोपऱ्यात जायचं. तसं झालं नाही. त्या शिकल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या, नोकरी करता करता रात्रीच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांची चांगली नोकरी होती. 1945 मध्ये बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंशी गाठ पडली आणि पुण्याचा रस्ता सुटला. बी.ए.ची पदवी त्यांनी मिळवली ती पन्नाशी ओलांडल्यावर, कामाच्या रगाड्यात.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. भोवताली वारली पाडे. मोठी मुलं गुरांमागे, म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव पडलं. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना काखेत घेऊन फिरत, म्हणून शाळेशेजारी पाळणाघर आलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणणाऱ्या या प्रयोगाला त्यांनी विकासवाडी म्हटलं. महागडी माँटेसरी साधनं परवडणार नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, काटक्या वर्गात आल्या. मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर होत्या. हात धुणं, तोंड धुणं हे त्यांनी अभ्यासाआधीची कटकट म्हणून ठेवलं नव्हतं, तो अभ्यासच मानला होता. ताराबाईंनी आणि अनुताईंनी ही गोष्ट गरिबाच्या अंगणात खरी करून दाखवली.

अनुताई बोर्डीत मुलांची तोंडं धूत होत्या त्याच काळात, 1952 मध्ये, कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं गुदमरून मरत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून बारा वर्षांच्या एका मुलीला जगवलं. पुढे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र पिशव्या दाबून कितीतरी रुग्णांचा श्वास चालू ठेवला. आजचा अतिदक्षता विभाग आणि त्यातला व्हेंटिलेटर यांची सुरुवात इथली. आणि श्वासनळीतली नळी आली तसा एक नवा न्यूमोनियाही मागोमाग आला.

तोंडात शेकडो जातींचे जिवाणू राहतात. धडधाकट मुलाला त्यांचा त्रास नसतो, कारण लाळ सारखी वाहते, मूल गिळतं, चुकून घसा ओलांडला तर खोकतं. व्हेंटिलेटरवरचं मूल गुंगीत असतं. ते ना गिळत, ना खोकत. तोंड उघडं राहून सुकतं. दोन-तीन दिवसांत तोंडातली वस्तीच बदलते. नेहमीचे निरुपद्रवी रहिवासी मागे पडतात आणि क्लेबसिएला, स्युडोमोनास, असिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकोकस असे दांडगे जिवाणू दातांच्या किटणात ठाण मांडतात. नळीभोवती फुगा असला तरी त्याच्या कडेने लाळेचा थेंब थेंब खाली झिरपतो. नळीच्या आतल्या बाजूलाही जिवाणूंचा चिकट थर बसतो, त्याचे कपचे हवेबरोबर फुप्फुसात जातात. व्हेंटिलेटर लावल्यावर 48 तासांनंतर येणाऱ्या या न्यूमोनियावर साधी प्रतिजैविकं बऱ्याचदा चालत नाहीत. मूल कुपोषित असेल तर त्याच्याकडे झुंजायला बळ आधीच कमी.

उपाय ऐकायला फारच साधे वाटतात. उशाकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवणं, प्रत्येक वेळी हात धुणं, फुग्यातला दाब तपासणं, नळी आज काढता येईल का हे रोज विचारणं, आणि तोंड साफ ठेवणं. दात आलेल्या मुलाला मऊ ब्रश, दात नसलेल्या बाळाला ओल्या गॉजने हिरड्या पुसणं. बरीच वर्षं क्लोरहेक्सिडिनच्या औषधी पाण्यावर भर होता. मोठ्या रुग्णांमध्ये त्याच्या फायद्याबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल शंका आल्याने 2022 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते मागे घेतलं आणि ब्रश पुढे आणला. 2023 च्या अखेरीस अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला, त्यात ब्रश केलेल्या रुग्णांत रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. त्या चाचण्या बहुतेक मोठ्या माणसांच्या आहेत. मुलांवरचा पुरावा अजून तोकडा आहे, तरी मुलांसाठीही तोंडाची निगा राखा असंच सांगितलं जातं.

मग अडतं कुठे? पुष्कळदा मानापाशी. व्हेंटिलेटरचे आकडे बघणं हे हुशारीचं काम आणि बेशुद्ध पोराची लाळ पुसणं हे हलकं, असं वॉर्डात कुणी बोलत नाही, पण पाळी बदलताना काय विचारलं जातं आणि काय राहून जातं, त्यातून ते कळतं. औषध दिल्याची वेळ तक्त्यावर असते. तोंड कधी पुसलं, याची नोंद नेहमीच सापडेल असं नाही.

डहाणू-तलासरीच्या पाड्यावरून गंभीर मूल निघतं तेव्हा त्याला कित्येकदा सिल्वासा, वलसाड, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. म्हणून नळीपर्यंत वेळच न येणं अधिक महत्त्वाचं. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त झाला, अथवा छाती आत ओढली जाऊ लागली, की त्याच दिवशी दवाखाना. पहिला दात दिसला की मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. घरात मिश्री भाजली जात असेल तर ती मुलाच्या बोटाला लागू द्यायची नाही.

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. केंद्राचा भार अनुताईंनी पुढे वाहिला. 1982 मध्ये रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. नव्या शिक्षिका तयार करणं हे त्यांचं शेवटपर्यंतचं काम होतं, आणि त्यात मुलाचं नाक पुसणं गाणं शिकवण्याच्या खालच्या पायरीवर नव्हतं. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्या गेल्या, तेव्हा कोसबाडची टेकडी चढून त्यांना पस्तीसेक वर्षं झाली होती.